भूपालतात्यांची पाणबुडी

पद्माकाकूंनी पाठीवर दोनदा थापटल्याशिवाय भूपालतात्या मोटरसायकल जागची हलवत नसत. इंजिन सुरू, मागे काकू नीट बसलेल्या, पदर खोचलेला, तरी तात्या समोर बघत तसेच बसून राहायचे. काकू शेजारणीशी बोलण्यात गुंतल्या की हा पुतळा आपला दारात धूर सोडत उभा. "आवं, चला की," असं काकू म्हणाल्या तरी हालचाल नाही. पाठीवर दोन थापा पडल्या की गाडी निघे. वाटेत एकच थाप पडली तर कुठेही, अगदी चौकाच्या मधोमध, ब्रेक. तात्या एस.टी.त कंडक्टर होते. उभा जन्म स्वतः घंटी मारून त्यांनी दुसऱ्याला गाडी हाकायला लावली होती. निवृत्त झाल्यावर घंटी बायकोच्या हाती दिली आणि हँडल स्वतः घेतलं. "आता मी ड्रायव्हर, ह्या कंडक्टर," ते मला म्हणाले होते. "कंडक्टर सांगंल तसं जायाचं. ड्रायव्हरनं आपलं डोकं चालवायचं न्हाई."

मी मूळची मेढ्याची. मिरजेला एका रुग्णालयात डायलिसिसच्या विभागात नर्स म्हणून लागले. काकू माझ्याच पेशंट. त्यांच्या हातात सुई घालताना, खोली शोधून पाय दुखले असं मी सहज बोलून गेले, तर त्याच मला म्हणाल्या, "आमच्या माडीवर या की. रिकामीच हाय." अशी मी सांगलीत नदीकडच्या गल्लीत राहायला गेले. मी मेढ्याची म्हणताच तात्यांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे आमच्या दारात येतंय ते पाणी तुमच्याकडचंच की वो!" त्यांचं खरंच होतं. आमच्या डोंगरात पडलेला पाऊस वेण्णेतून कृष्णेत उतरतो आणि कृष्णा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी येते. पावसाळा लागला की रोज संध्याकाळी माझ्यामागे भुणभुण: "सिस्टर, मेढ्याला फोन लावा. आईला इचारा, नुसत्या पागोळ्या गळत्यात का धार लागलीया." माझी आई तिकडून हवामान सांगायची आणि तात्या गल्लीभर ते वाटत फिरायचे.

गाडी त्यांना मिरजेत सापडली होती, एका तंबोरे करणाऱ्याच्या परसात, भोपळ्यांच्या ढिगाशेजारी. आधीच्या महापुरात ती बुडून गाळाने भरली होती, आणि मालकाने तिच्याकडे पुन्हा पाहिलं नव्हतं. तात्यांनी ती टेम्पोत घालून घरी आणली आणि घराच्या पुढच्या सोप्यात वर्तमानपत्रं पसरून तिचा एकेक अवयव सुटा केला. त्यांना हे काम येत होतं असं मुळीच नाही. बसच्या मागच्या दारापाशी आयुष्य गेलेला माणूस तो. मोबाइलवर बघायचे, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला विचारायचे, चुकायचे, पुन्हा काढायचे. सगळं जोडून झालं की हटकून एखादा नट उरायचा. तो तळहातावर घेऊन दारात उभे राहायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायचे, "गड्या, तुजा तर न्हाई पडला?"

पण स्वच्छतेच्या बाबतीत त्यांच्याशी कुणी पैज लावू नये. घर जैनांचं. पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावायचं नाही ही काकूंची शिस्त, आणि तात्यांनी तीच पेट्रोलला लावली. पंपावरून भरून आणलेलं पेट्रोलसुद्धा दुहेरी फडक्यातून गाळून टाकीत जायचं. "गाळल्याबिगर घशाखाली काय जाऊ द्यायचं न्हाई. मग त्यो घसा आपला असू दे न्हाईतर हिचा," असं गाडीकडे बोट दाखवून म्हणायचे. चेन डिझेलने धुऊन जुन्या दातांच्या ब्रशाने घासायचे. एक दिवस काकूंना न्हाणीत आपला रोजचा ब्रश सापडेना, आणि त्यावरून झालेलं भांडण मी माडीवर बसून मनमुराद ऐकलं.

ही सगळी खटपट काकूंसाठी होती. आठवड्यातून दोनदा त्यांना मिरजेला डायलिसिसला आणावं लागे. रिक्षात त्यांना मळमळायचं. एस.टी.त जाताना ठीक, पण परतताना रक्तदाब उतरून माणूस इतकं गळून जातं की गर्दीत उभं राहणं शक्य नसतं. कंडक्टर ओळखीचे असूनही कुणाला उठवून जागा मागणं तात्यांच्या स्वभावात नव्हतं. मग त्यांनी गाडीच्या मागच्या सीटवर काकूंसाठी आडवी खुर्ची केली. काकू एका बाजूला पाय सोडून बसत, म्हणून पाठीची फळी सीटच्या उजव्या कडेला. तिला स्पंज आणि वर रेक्झिन. डायलिसिससाठी शस्त्रक्रिया केलेल्या डाव्या हातावर जोर द्यायचा नव्हता, म्हणून उजव्या हाताला धरायला भंगारातून आणलेला एस.टी.च्या सीटचा दांडा. पायांखाली रुंद पायरी. परतताना काकूंना डुलकी लागायची, म्हणून कंडक्टरच्या जुन्या कातडी पिशवीचा पट्टा दोघांच्या कमरेभोवती. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा दोघांना चांगलं फैलावर घेतलं. काकू हसून म्हणाल्या, "सिस्टर, आमच्यात बटाटा नव्हताच, तुमी टोमॅटो बंद केला, केळं बंद केलं, पाणी मापून दिलं. त्यांच्या मागं बसून गार वाऱ्यात झोप लागती, तेवढं तरी राहू द्या."

पाणबुडीचं प्रकरण पुढचं. एकदा बोलता बोलता मी आधीच्या महापुरातली, विभागातल्या जुन्या नर्सकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. रस्ते बंद झाले होते, आमच्या विभागात मशिनं रिकामी पडली होती आणि पेशंट पलीकडच्या गावांत अडकले होते. त्यांतले काही परत आलेच नाहीत. काकूंना तेव्हा हा आजार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर तात्या पट्टी घेऊन गाडीची उंची मोजत होते. मग सायलेन्सरचं तोंड वेल्डरकडून वर वळवून घेतलं. इंजिनाला हवा जाते तिथून एक नळी काढून हँडलपर्यंत चढवली. प्लगची टोपी ग्रीसने भरून वर सायकलची ट्यूब गुंडाळली. गल्लीने नाव ठेवलं, पाणबुडी. तात्यांना ते आवडलं.

ही उंची त्यांनी कशावरून ठरवली, ते सांगायला हवं. आमच्या गल्लीत प्रत्येक घराच्या भिंतीवर आधीच्या महापुराची खूण होती, कुठे रंगाची, कुठे नुसती गाळाची रेघ. तात्यांच्या भिंतीवर लाल रंगाची रेघ होती आणि वर लिहिलं होतं, "इथवर". नदीकाठची माणसं या खुणेवर जेवढा विश्वास ठेवतात तेवढा सरकारी भोंग्यावरही ठेवत नाहीत. घराचा ओटा किती उंच घ्यायचा, धान्याची पोती कुठल्या फळीवर ठेवायची, घर कधी सोडायचं, सगळं त्या रेघेवरून. तात्यांनी नळीचं आणि सायलेन्सरचं तोंड त्या रेघेच्या वीतभर वर नेलं आणि निर्धास्त झाले. "एवढा मोठा पूर आमच्या आज्यानंबी बघितला न्हवता," ते म्हणायचे. "ह्याच्या वर कशाला यील?"

त्यांचा दुसरा विश्वास होता वेळापत्रकावर. नोकरीतली एक गोष्ट ते कुणालाही ऐकवायचे. एकदा त्यांच्या ड्रायव्हरने घाई करून वाईहून गाडी वेळेआधी काढली. एक बाई लेकराला घेऊन धावत आली, ती राहिली. ती लेकराच्या औषधासाठी निघाली होती, असं त्यांना मागून कळलं. पुढे काय झालं ते कधीच कळलं नाही, आणि तेच त्यांना खात राहिलं. तेव्हापासून त्यांचं ठरलेलं वाक्य: "उशिरा सुटलेली गाडी शिव्या खाती. वेळंआधी सुटलेली शाप खाती." डायलिसिसलासुद्धा ते ठरल्या वेळेला दारात हजर. लवकर आले तर बाहेर झाडाखाली थांबतील, पण आधी आत यायचे नाहीत.

गाडीची पाणबुडी झाली त्या पावसाळ्यात आईने फोनवर सांगितलं की घरामागचा ओढा पुलावरून वाहतोय, मेढ्यातून एकही गाडी सुटलेली नाही, आणि असा पाऊस तिने आजवर पाहिला नाही. मी ते जसंच्या तसं तात्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. धरणातून सोडलेलं पाणी आपल्याकडे कधी पोचेल याचा हिशोब मांडला, आणि तो बरोबरही आला. फक्त पाणी रेघेपाशी येऊन थांबेल हे त्यांनी गृहीत धरलं होतं. रस्ता बंद होईल या भीतीने मी मिरजेला रुग्णालयातच मुक्काम केला होता. काकूंच्या डायलिसिसच्या पाळीच्या आदल्या दिवशी दुपारी तात्यांना फोन लावला.

"तात्या, काकूंची उद्याची पाळी आजच लावून घेतलीये. डॉक्टरांना विचारलंय. आत्ता निघा. वरच्या रस्त्याने अजून एस.टी. चालू आहे. मग इथंच राहा, मी सोय करते."

"आवं, पाळी उद्याची हाय न्हवं? मग उद्या येतो की."

"उद्या रस्ता राहणार नाही!"

"सिस्टर, पाणी रेघंच्या लय खाली हाय. आन् रस्ता राहणार न्हाई म्हणूनच तर गाडी केलीया. वेळंआधी सोडायची न्हाई."

मी फोनवर ओरडले. ही एस.टी. नाही, माणूस आहे, असं काहीबाही बोलले. मग म्हटलं, काकूंना द्या. काकू फोन घेऊन आत गेल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "मलाबी वाटतंय, यावं आजच," त्या म्हणाल्या. "पर सिस्टर, लय खपून गाडी केलीया वो त्यांनी. आज यष्टीनं आले तर तोंड पाडून बसतील. उद्याचा एक दिस त्यांच्या मनासारखं होऊ द्या. मी हाय की मागं." समोरच्या घरातल्या वहिनींना फोन केला, तर त्यांनी मलाच धीर दिला. "आमीबी हितंच हाय. रेघंच्या वर कवा पाणी आलंय व्हय?" सगळी गल्ली आपापल्या रेघेकडे बघत बसली होती. घर सोडा म्हणून पालिकेची गाडी भोंगा वाजवत फिरून गेली, तरी कुणी हललं नाही.

सकाळी तात्यांचा फोन आला. पाणी रेघेला टेकलं होतं. "निघतोय," एवढंच म्हणाले. आवाजात भीती नव्हती, उलट थोडी ऐटच होती. पुढचं मला नंतर कळलं, काही वहिनींकडून आणि काही तात्यांकडून. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. गल्लीतले सगळे गच्चीवर चढले होते. पाण्यातून फुगे सोडत, वर वळलेल्या सायलेन्सरमधून धूर काढत, काकूंना त्या आडव्या खुर्चीत बसवून तात्या निघाले, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. "पाणबुडी निघाली!" म्हणून कुणीतरी शिट्टी मारली. वहिनी हे सांगताना मध्येच थांबल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याही होत्या.

गल्ली संपते तिथे उतार आहे. रेघ होती घराच्या भिंतीवर, उताराला नव्हती. तिथे पाणी जास्त होतं आणि नदीची ओढ लागत होती. इंजिन बंद पडलं नाही, हे तात्यांनी मला पुन्हापुन्हा सांगितलं. नळीत पाणी शिरलं नाही, प्लग भिजला नाही. पण वाहत्या पाण्याने पुढचं चाक उचललं आणि गाडी आडवी नेली. तात्यांनी गाडी सोडली आणि काकूंना धरलं. कोपऱ्यावरच्या घरातल्यांनी दोर टाकून दोघांना पहिल्या मजल्यावर ओढून घेतलं. तिथे आधीच चार घरची माणसं दाटीने बसली होती. काकू नखशिखांत भिजल्या होत्या, आणि नदीचं पाणी त्यांच्या पोटात गेलं होतं.

दुपारी तात्यांनी तिथून फोन केला. मी सुचेल त्याला फोन लावत सुटले. मदतकेंद्रवाले म्हणाले, नाव नोंदवलंय, बोटी कमी आहेत. संध्याकाळी काकूंना दम लागायला लागला. मी विचारलं, पाय सुजलेत का, आडवं झोपवतंय का. तात्या एकेक सांगत होते, आणि त्या प्रत्येक उत्तराचा अर्थ मला कळत होता. मग त्यांच्या फोनची बॅटरी संपली. बोट आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. काकूंना आमच्या विभागात आणलं तेव्हा मशीन तयार होतं, मी दारात उभी होते. स्ट्रेचरवरून उचलून घेतानाच मला कळलं. डॉक्टरांनी तरी बराच वेळ प्रयत्न केला. तात्या बाहेर भिंतीला टेकून उभे होते. मी समोर गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "सुई घातली का?" मी नाही म्हटलं.

पाणी ओसरल्यावर मी परत राहायला गेले. मला तात्यांचा संताप येत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. जिन्यावर भेटले की मी चपला काढायच्या निमित्ताने खाली बघायची. काकू फोनवर हळूच काय बोलल्या ते मी त्यांना सांगितलं नाही, आजही सांगितलेलं नाही. ते ऐकून त्यांचं काय झालं असतं, याचा विचारही मला सोसत नाही. भेटायला येणारे लोक सगळे एकच सांगत: तिचं आयुष्यच तेवढं होतं, कर्म कुणाला चुकलंय. लग्न होऊन निपाणीकडे दिलेली लेक आली, महिनाभर राहिली, चला म्हणाली. तात्या गेले नाहीत. त्यांनी गाळातून गाडी शोधून ओढत आणली आणि पुन्हा सोप्यात वर्तमानपत्रं पसरली. गॅरेजवाल्याला काही विचारलं नाही, कुणाशी बोलले नाहीत. या वेळी एकही नट उरला नाही. एका सकाळी खालून इंजिनाचा आवाज आला आणि मी गॅलरीतून वाकून बघितलं. गाडी अगदी नव्यासारखी चालत होती. तात्यांनी ती बंद केली आणि आत निघून गेले. तिच्यावर ते बसले मात्र कधीच नाहीत.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी मला खाली हाक मारली. "सिस्टर, एक इचारायचं हाय. तुमी नर्स हायसा, म्हणून तुमालाच इचारतो. आदल्या दिशी आणली असती, तर वाचली असती का?"

माझ्या व्यवसायात या प्रश्नाची तयार उत्तरं असतात. मी ती अनेक नातेवाइकांना दिली आहेत आणि पुढेही देईन. तात्यांना मला ती देता आली नाहीत. "हो तात्या," मी म्हटलं. "त्या वेळी वाचल्या असत्या. पुढचं कुणी सांगावं, पण त्या पुरातून वाचल्या असत्या."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. "बरं झालं सांगितलंसा. सगळी न्हाई म्हणत्यात. आयुष्य तेवढंच हुतं म्हणत्यात." मग म्हणाले, "तसं म्हटलं की वाटतं, ती आपली आपण गेली. माजा काय संबंधच न्हवता जणू."

मग त्यांनी पाना घेतला आणि चालती गाडी खोलायला सुरुवात केली. टाकी काढली, हँडल काढलं, चाकं काढली. प्रत्येक भाग पुसून, तेल लावून वेगवेगळ्या कागदावर ठेवला. गॅरेजवाल्याला कुणकुण लागली तसा तो धावत आला. "तात्या, अख्खी द्या की मला! लय झ्याक चालतीया." तात्या म्हणाले, "सुटी ने. ज्याला जे लागंल ते दे. अख्खी मी कुणाला देणार न्हाई." तो डोकं खाजवत गेला. मलाही समजेना. एवढं खपून उभी केलेली गाडी, ती मोडायची कशाला?

"चांगली हुती वो," तात्या खाली बघत म्हणाले. "त्योच घात झाला. खटारा असती तर भ्यालो असतो मी. आदल्या दिशी यष्टी धरली असती, आन् हिला घिऊन गपगुमान मिरजंला येऊन बसलो असतो. गाडी चांगली हुती म्हणून ती गेली, सिस्टर. असली चांगली गाडी दुसऱ्या कुणाच्या घरात नगं."

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले, आणि मनात धरून ठेवलेला त्यांचा राग तिथेच संपला. तात्या रडले नाहीत. त्यांचे हात तेलाने माखले होते आणि अजून बरंच काम उरलं होतं.